तीन पाळ्यांची न्याहारी

'ब्रंच' हा शब्द ब्रेकफास्ट आणि लंच या दोन इंग्रजी शब्दांच्या मोडतोडीतून तयार झाला असून, 1895 मध्ये 'हंटर्स वीकली' या नियतकालिकात गाय बेरिंजर याने त्याची वकिली केली तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शनिवारची रात्र मौजेत घालवून रविवारी उशिरा उठणारा इंग्रज गृहस्थ होता. चर्चमधून परतल्याबरोबर मांसाचे जड जेवण पुढ्यात येण्याऐवजी चहाने सुरू होऊन हळूहळू जेवणाकडे सरकणारे एकच खाणे असावे, असे त्याचे म्हणणे होते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात सकाळी साडेदहा ते दुपारी दीड ही वेळ घरगुती मेजवानीला सोयीची ठरते ती मात्र निराळ्या कारणाने. रात्र जागवणारे इथेही पुष्कळ आहेत, पण ते यंत्रांपुढे.

पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवड या गावांभोवती कारखाने उभे राहत गेले. 1982 मध्ये महानगरपालिका झाली, आणि 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तोवर चाकणही या पट्ट्याचाच भाग बनले होते. या सगळ्या वसाहतीचे घड्याळ पाळ्यांचे आहे. साधारणपणे सकाळी सातच्या सुमारास फर्स्ट शिफ्ट लागते, दुपारी साडेतीनच्या आसपास सेकंड आणि मध्यरात्रीच्या सुमारास नाईट, त्यामुळे एकाच सोसायटीत, कित्येकदा एकाच घरात, तीन माणसांची सकाळ तीन वेळांना होते. त्यातच औद्योगिक भागाची साप्ताहिक सुट्टी बहुतांशी गुरुवारी असते, तर शाळांना आणि आयटी कंपन्यांना शनिवार-रविवार. अशा ठिकाणी रात्रीच्या जेवणाचे बोलावणे केले तर सेकंडवाला येऊ शकत नाही आणि नाईटवाला ताटावरून घड्याळाकडे पाहतो. साडेदहाच्या पंगतीला नाईट करून आलेला माणूस आंघोळ उरकून झोपण्यापूर्वी बसतो, सेकंडवाला बस पकडण्याआधी निवांत जेवतो आणि सुट्टीवाल्यांची तर घाई नसतेच.

प्रश्न यजमानांचा असतो, कारण त्या घरातलेही कुणी आदल्या रात्री कामावर असू शकते. म्हणून अशा बेतात बरेचसे काम आधी उरकणे ही चैन उरत नाही, ती अटच होते. मराठी स्वयंपाकाला ही अट नवी नाही. शेतावर सकाळी कामाला लागून मध्यान्हीच्या आधी खाल्ली जाणारी न्याहारी ही वेळेच्या दृष्टीने ब्रंचची थोरली बहीण म्हणता येईल. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी प्रवासात टिकावी म्हणून होते, आणि श्रावण शुद्ध सप्तमीला, म्हणजे शिळासप्तमीला, चूल न पेटवता आदल्या दिवशीचे अन्न खाण्याचा प्रघात आहे. दिवाळीचा फराळ तर पूर्वतयारीचा उत्सवच होय. मात्र 'आधी करून ठेवणे' आणि 'आधी करून मोकळे होणे' यांत फरक आहे, आणि घरगुती बेत बहुधा तिथेच फसतात.

प्रत्येक पदार्थाला वाटेत एक थांबा असतो. तिथवर नेऊन तो ठेवता येतो, त्यापुढे नेऊन ठेवला तर बिघडतो. चाकणमध्ये मोटारीचे डॅशबोर्ड किंवा सीट पुरवठादाराकडे जुळवून तयार होतात आणि मुख्य लाईनवर फक्त बसवले जातात. स्वयंपाकातही जुळवणी कुठवर आधी करायची, हेच ठरवायचे असते. कांदेपोहे, उपमा आणि साबुदाण्याची खिचडी यांना असा थांबा जवळजवळ नाही. या पदार्थांतील स्टार्च, म्हणजे पिठूळ घटक, उष्णतेने पाणी शोषून फुगतो आणि थंड होताना त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून पाणी बाहेर टाकतात. या क्रियेला प्रतिगमन म्हणतात आणि फ्रिजच्या तापमानाला ती विशेष वेगाने घडते. गरम केल्यावर ती काहीशी उलटते, पण पोह्यांचा मूळचा मऊपणा परत येत नाही. वीस माणसांसाठी पोहे आदल्या रात्री करून ठेवण्यापेक्षा ते बेतातून वगळलेले बरे.

याउलट मिसळ ही जणू या वेळेसाठीच जन्मली आहे. वीस जणांसाठी किलोभर कोरडी मटकी पुरते, आणि पंगत गुरुवारी असेल तर ती सोमवारी रात्री भिजत घालून मंगळवारी सकाळी ओल्या फडक्यात बांधावी, म्हणजे बुधवारी सकाळपर्यंत बोटाच्या पेराएवढे नसले तरी चांगले दिसणारे मोड येतात. थंडीच्या दिवसांत पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये किंवा डाळीच्या डब्यात दडवावी लागते. कच्च्या मोडांच्या उबेत आणि ओलाव्यात जीवाणूही वाढतात, म्हणून बुधवारी संध्याकाळी मटकी हळद-मीठ घालून शिजवून घ्यावी, पण बोटात दाबली तर दाणा फुटेल इतकीच, आणि कट वेगळा करावा. कटातील मसाल्यांची सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळतात, त्यामुळे रात्रभर मुरलेल्या कटाची चव दुसऱ्या दिवशी एकजीव लागते. मटकी त्यातच घालून ठेवली तर सकाळच्या उकळीला सालपटे सुटतात आणि मिसळीची आमटी होते. म्हणून दोन्हींची भेट वाटीतच व्हावी. फरसाणाचे पुडके शेवटी फोडावे आणि कांदाही शेवटीच चिरावा. चाकणचा बाजार कांद्यासाठी नावाजलेला असला तरी रात्री चिरून ठेवलेल्या कांद्याला सकाळी येणारा उग्र दर्प तिथल्या कांद्यालाही चुकत नाही.

कटाच्या बाबतीत खरी जोखीम पातेल्याच्या आकाराची आहे. दहा लिटरच्या पातेल्याचा मध्य झाकण घालून ओट्यावर ठेवला तर कित्येक तास कोमट राहतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 5 ते 60 अंश सेल्सिअस हाच जीवाणूंच्या वाढीचा टापू आहे. शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, असे तिथे सांगितले आहे. उपाय साधा आहे: कट दोन-तीन पसरट भांड्यांत ओतावा, ती भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळावीत, वाफ निवली की फ्रिजमध्ये सरकवावीत आणि सकाळी नुसता गरम न करता खळखळून उकळावा.

अळूवडी आणि कोथिंबीर वडी यांचा थांबा वाफवण्याच्या पुढे आणि तळण्याच्या अलीकडे आहे. वाफेवरून उतरलेला उंडा गरम असताना कापला तर सुरीला बेसन चिकटते आणि अळूचे थर उलगडतात. तोच रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की घट्ट होतो, अर्ध्या बोटाच्या जाडीच्या चकत्या स्वच्छ सुटतात आणि कडेपासून मध्यापर्यंत हिरव्या-पिवळ्या रेषांचा भोवरा अखंड दिसतो. प्रतिगमनाने पोह्यांचे जे नुकसान केले, तेच इथे कारागिराच्या मदतीला येते. बटाटेवड्याचे सारण गोळे वळून ठेवता येते, पीठ मात्र तळतेवेळीच कालवावे. तळण एकाच पदार्थाचे ठेवावे, कारण घरी बहुधा एकच मोठी कढई असते आणि कढईपाशी उभ्या राहणाऱ्या बाईला पंगत फक्त ऐकू येते.

या पट्ट्याच्या बेतात दाल-पकवान नसणे ही उणीव मानावी लागेल. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत पिंपरीत झाली आणि 'पिंपरी कॅम्प' हे नाव बाजारपेठेला आजही चिकटून आहे. सिंधी घरांत सुट्टीच्या सकाळी होणारा हा पदार्थ पूर्वतयारीच्या कसोटीला मिसळीइतकाच उतरतो. पकवान म्हणजे मैद्यात तेलाचे मोहन, जिरे किंवा ओवा घालून पातळ लाटलेली आणि फुगू नये म्हणून काट्याने टोचलेली कडक पुरी. ती मंद आचेवर सावकाश तळली, म्हणजे तिच्यातले पाणी निघून जाते, आणि पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात भरली तर दोन-तीन दिवस सहज कुरकुरीत राहते. चण्याची डाळ दाणा शाबूत ठेवून आदल्या दिवशी शिजवावी, फोडणी सकाळी द्यावी. चिंचेची चटणी तर आठवडाभर आधीही चालते, आणि तीच मिसळीजवळही ठेवता येते.

गोडाला श्रीखंड. अडीच-तीन लिटर म्हशीच्या दुधाच्या दह्याचा साधारण किलोभर चक्का मिळतो. तो मंगळवारी रात्री टांगावा, उकाडा असेल तर चाळणीत बांधून फ्रिजमध्येच निथळू द्यावा, नाहीतर आंबटपणा साखरेला ऐकत नाही. बुधवारी साखर मिसळून तासभर ठेवून पुरणयंत्रातून काढले की काम संपते.

वेळापत्रक आखताना या शहराच्या दोन सवयी जमेस धराव्या लागतात. देखभालीच्या कामांसाठी वीज बंद ठेवली जाते तीही बहुधा गुरुवारीच, तेव्हा मिक्सरचे वाटणघाटण बुधवारीच उरकावे आणि त्या सकाळी फ्रिजचे दार वरचेवर उघडू नये. दुसरे, नोव्हेंबर 2019 पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, म्हणून बोलावण्याचा दिवस पाण्याच्या दिवसाशी जुळतो का, हे पाहुणे मोजण्याआधी पाहावे. मिसळीच्या तर्रीने माखलेल्या वीस वाट्या आणि वीस ताटल्या बादलीभर पाण्यात निघत नाहीत.

एवढे साधले की गुरुवारी सकाळी यजमानांना उकळणे, तळणे, फोडणी देणे आणि चिरणे इतकेच उरते, आणि पहिला पाहुणा दारात येतो तेव्हा ओटा पुसलेला असतो. चहा मात्र कोणत्याही थांब्यावर थांबत नाही. आले किसून ठेवता येते, वेलदोडा कुटून ठेवता येतो, पण थर्मासात भरलेला चहा तासाभरात कडवट लागू लागतो, म्हणून तो दर खेपेला नव्याने टाकावा लागतो: सुट्टीवाल्यांसाठी अकराला, सेकंडवाल्यासाठी तो निघताना, त्याच्या डब्यात चार वड्या भरल्या जात असताना. नाईट करून आलेल्याला विचारण्याचे कारण नसते. त्याच्यासाठी ताकाचा पेला भरलेला असतो आणि आतल्या खोलीचे पडदे ओढलेले असतात.