दक्खनी शिखांची पंगत

ताडकळसच्या माणसाला लांब पल्ल्याची आगगाडी धरावयाची झाली, म्हणजे पूर्णा जंक्शन नाहीतर परभणी गाठावी लागते. आणि नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस याच मार्गाने धावते. ज्याने या गाडीतून प्रवास केला, त्याला परभणी, जालना, भोपाळ अशा स्थानकांवर बादल्या घेऊन उभे राहिलेले शीख सेवेकरी ठाऊक असतातच. प्रवासी डबे पुढे करतात, आणि त्यांचा धर्म, जात अगर तिकिटाचा दर्जा यांची यत्किंचितही चौकशी न होता कढी-भात, खिचडी, छोले, जे त्या दिवशी रांधले असेल ते, त्यांत पडते. पदरचा पैसा न मोडता पोट भरावे, अशी दुसरी गाडी निदान माझ्या ऐकिवात नाही.

हा शीख समाज गोदातीरी आला तो 1708 मध्ये, गुरू गोविंदसिंहांच्या स्वारीबरोबर. त्याच वर्षी ऑक्टोबरात नांदेडला गुरूंचे देहावसान झाले. तत्पूर्वी त्यांनी भाई संतोखसिंह यांस येथेच राहून लंगर चालू ठेवण्याची आज्ञा केली, अशी परंपरा आहे. परमुलुखात मागे राहणाऱ्याच्या पदरात चूल पडावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिब या गुरुद्वाराची वास्तू उभारली. आणि त्याच सुमारास निजामाचा दिवाण चंदूलाल, जो स्वतः पंजाबी खत्री घराण्यातला, याच्या मागणीवरून लाहोरची फौज हैदराबादेस आली. वसुली आणि बंदोबस्ताच्या कामी तनखा घेणारे हे शिपाई इथेच संसार थाटून बसले, आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी संपली तेव्हा परत फिरण्याजोगे गाव त्यांच्या वंशजांना उरलेच नव्हते. पंजाबात गेले की ते दक्खनी, आणि इकडच्या अनोळखी माणसाच्या लेखी पंजाबी!

इकडून पंजाबकडे जाणारी वाट मात्र त्यांच्याही आधीची. जुन्या परभणी जिल्ह्यातले, 1999 पासून हिंगोलीत गेलेले नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान. नामदेव पंजाबात घुमानला जाऊन राहिले आणि त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली. 2015 चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते या ऋणानुबंधापायी.

नांदेडच्या गुरुद्वारातल्या कडाह प्रसादाची कृती पंजाबातलीच. कणीक, तूप आणि साखर समभाग घ्यावी. कणीक तुपात मंद आचेवर, रंग तांबूस होऊन तूप कडेला सुटेपर्यंत परतावी. मग साखरेचे उकळते पाणी ओतताच कढई फसफसून उठते, आणि खालवर घोटणाऱ्याचे हात भरून येतात. सिद्ध झाल्यावर कृपाणाचा स्पर्श करून तो दोन्ही हातांच्या ओंजळीत वाढतात. बाकीच्या रिवाजांत मात्र दक्खनचे स्वतंत्र वळण आहे: शस्त्रांना चंदनाचा टिळा, रोज घागरीतून येणारे गोदावरीचे जल, दिवाळीच्या सुमारास होणारे तख्तस्नान, आणि काही सणांना झटक्याच्या बोकडाचा महाप्रसाद. पंजाबातून आलेले यात्रेकरू हे पाहून चकित होतात. स्थानिक शीख मात्र हीच जुनी रीत असल्याचे ठासून सांगतात. मूळ घरी जे बदलले ते दूर गेलेल्या शाखेने जपावे, हे स्थलांतरित समाजांत पुष्कळदा घडते, म्हणून त्यांचे म्हणणे मला सहज खोडून काढता येत नाही. घरच्या ताटात मात्र ज्वारीची भाकरी या लोकांना परकी राहिलेली नाही.

लंगराची कीर्ती सर्वत्र झाली, परंतु मराठवाड्याच्या स्वयंपाकघराशी शिखांचा जो नित्याचा संबंध, तो शिकलगारांच्या द्वारे आला, याची दखल फारशी कोणी घेत नाही. गुरूंच्या फौजेची शस्त्रे घडवणारे आणि पाजवणारे हे कारागीर. शस्त्रांची मागणी आटली तसे ते तवे, कढया, विळे, कुलपे आणि किल्ल्यांकडे वळले. मराठवाड्याच्या आठवडी बाजारात जमिनीवर पसरलेल्या त्यांच्या लोखंडापुढे बाई उकिडवी बसते, तवा उचलून बोटाच्या पेराने वाजवते, बूड सपाट आहे ना म्हणून डोळ्यासमोर आडवा धरते, आणि मग पगडीधारी शिकलगार अस्सल मराठवाडी बोलीत तिला सांगतो, की मावशे, याच्यावर भाकर चिकटली तर पैशे वापस. त्यावर ती तरीही दहा रुपये तोडून मागते.