ज्ञापकत्व नसलेला रुग्ण

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद आणि प्रत्येक पादाचे चार गुण सांगितले. परीक्षेसाठी ते आपण सर्वांनीच पाठ केलेले आहेत. रुग्णाच्या गुणांत शेवटी ज्ञापकत्व येते, म्हणजे आपल्याला काय होत आहे हे वैद्याला सांगता येणे. ज्याच्या ठायी हा गुण जन्मतःच नाही, त्याचे काय? पोट दुखू लागले की जो भिंतीवर डोके आपटतो, दात दुखू लागला की जो जेवणाचे ताट भिरकावतो, त्याची प्रश्नपरीक्षा कशी करावी?

धायरी परिसरातील एका निवासी संस्थेत आम्ही गेली काही वर्षे पंधरवड्यातून एकदा जातो. तेथील सर्व निवासी प्रौढ बौद्धिक दिव्यांग आहेत. पूर्वी त्यांना सर्रास मतिमंद म्हटले जाई. शासकीय कागदांवरील शब्द बदलला, आपल्या केसपेपरवरचा मात्र पुष्कळ ठिकाणी अद्याप तोच आहे. या कामात आमच्या हातून घडलेली एक चूक प्रथम सांगतो, कारण या लेखाचे निमित्त तीच आहे.

तेथील एक सव्वीस वर्षांचा मुलगा (वय चाळीस झाले तरी तेथे सर्वांना मुलगाच म्हणतात) चंचल होता, कामात लक्ष देत नसे. आम्ही त्याला शंखपुष्पीयुक्त सिरप सुरू केले. मेध्य रसायनात शंखपुष्पीला ग्रंथकारांनी विशेष स्थान दिलेले आहे, तेव्हा शंका घेण्याचे कारणच नव्हते. तीन आठवड्यांनी त्याला एका रात्रीत दोनदा झटके आले. मुलाला अपस्मारासाठी फेनिटॉइन चालू होते. त्या गोळ्या कार्यालयातील कपाटात असत आणि सकाळच्या पाळीची सेविका त्या देत असे. आम्ही संध्याकाळी जात होतो. आम्ही विचारले नाही, म्हणून कोणी सांगितले नाही. रक्ततपासणीत फेनिटॉइनची पातळी पूर्वीपेक्षा बरीच खाली आलेली आढळली.

याविषयीचा शोधनिबंध १९९२ पासून उपलब्ध आहे आणि तो आपल्याच राज्यातला, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांचा आहे. शंखपुष्पीच्या नावे मिळणाऱ्या एका बहुद्रव्यी सिरपमुळे दोन रुग्णांमध्ये फेनिटॉइनची पातळी घसरून झटक्यांवरील नियंत्रण सुटल्याचे त्यांना दिसले. पुढे उंदरांवरील प्रयोगांतही त्याला पुष्टी मिळाली. पदवी घेऊन इतकी वर्षे झाली, तरी आमच्या वाचनात तो आला नव्हता. याच्या उलट, मिरी व पिंपळीतील पायपरीनमुळे फेनिटॉइनचे शोषण वाढते, हेही भारतीय अभ्यासांत नोंदलेले आहे. म्हणजे खोकल्यासाठी दिलेले त्रिकटू किंवा सितोपलादीही येथे निरुपद्रवी मानून चालणार नाही. आसवारिष्टांचा विचार वेगळाच करावा लागतो. त्यांतील स्वयंजनित मद्य बारा टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि फेनोबार्बिटोन घेणाऱ्या, बोलून सांगू न शकणाऱ्या व्यक्तीला सारस्वतारिष्ट दिल्यावर आलेली गुंगी ही ‘मूल शांत झाले’ म्हणून कौतुकाची ठरते.

औषधालय चालवणाऱ्या आपल्या सभासदांनी येथे क्षणभर थांबावे, ही विनंती. निवासी संस्थांना देणगीदार पुष्कळ असतात. वाढदिवसाला, श्राद्धाला फळे-मिठाई घेऊन येणारे लोक आता बुद्धिवर्धक सिरपचे खोकेही घेऊन येतात, आणि ते आपल्याच दुकानातून घेतलेले असतात. कोणासाठी नेता, त्याला दुसरी कोणती औषधे चालू आहेत, एवढे दोन प्रश्न विचारायला वेळ लागत नाही. सुवर्णकल्प वा अन्य रसौषधे असतील, तर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही वेष्टनावरील सूचना देणगीच्या खोक्याला लागू होत नाही, असे कोठेही लिहिलेले नाही.

आता संस्थेच्या गुणवत्तेविषयी. संस्था चांगली कशावरून ओळखावी, असे पालक आम्हाला नेहमी विचारतात. आमचे उत्तर त्यांना चमत्कारिक वाटते: बाग पाहू नका, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे पाहू नका, शौचालय पाहा आणि तेथे जाण्याची वेळ कोण ठरवते ते विचारा. बहुतेक ठिकाणी ती वेळ घड्याळ ठरवते. सेविका एक, निवासी अनेक. सकाळी सात ते आठ सर्वांना ओळीने नेले जाते, मग जेवणापर्यंत कोणी उठायचे नाही. आपल्या शास्त्रात ज्याला वेगधारण म्हणतात, ते येथे वेळापत्रकाने घडवून आणलेले असते. त्यात हालचाल कमी, पाणी कमी (जास्त पाणी म्हणजे जास्त कपडे धुणे) आणि मलावष्टंभ करणारी मनोविकाराची औषधे. मग आध्मान, शूल आणि आरडाओरडा. आरडाओरडा वाढला म्हणून शामक औषधाची मात्रा वाढते, मात्रा वाढली की मलावष्टंभ आणखी वाढतो. हे चक्र आम्ही स्वतः तीन निवासींमध्ये पाहिले. इंग्लंडमध्ये अशा व्यक्तींचे मलावष्टंभाने मृत्यू झाल्याचे चौकशांत निष्पन्न झाले आणि २०२३ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेला या एकाच विषयावर मोहीम काढावी लागली. हरीतकी वा एरंडतैल आपण देऊच. पण आमच्या त्या तीनांपैकी दोघांना केवळ दुपारी आणखी एक वेळ ठरवून आणि कोमट पाणी मोजून देऊन बरे वाटले. शौचाची नोंद ठेवणारी एक साधी वही आता तेथे भिंतीला टांगलेली आहे.

सोयीसाठी शरीराला वळण लावण्याचे टोक आपल्या जिल्ह्याने पाहिलेले आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासनमान्य मतिमंद मुलींच्या वसतिगृहातील मुलींवर ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. मासिक पाळीतील स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर मुख्यमंत्र्यांनी पुढील शस्त्रक्रिया थांबवल्या, तोवर अनेक मुलींच्या झाल्या होत्या. स्वच्छता राखता येत नव्हती ती मुलींना की ती शिकवणारी माणसे न नेमणाऱ्या व्यवस्थेला, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि आजही तो शिळा झालेला नाही. शहापूर तालुक्यातील कवडास येथील बालगृहात मतिमंद मुलांचे कुपोषणाने मृत्यू झाल्याच्या बातम्यांची २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा राज्यातील अशा गृहांची तपासणी सुरू झाली.

याच राज्यात दुसरे चित्रही आहे. मुळशी तालुक्यातील कोळवण येथे १९९४ पासून साधना व्हिलेज आहे. तेथे प्रौढ निवासी लहान घरांतून कुटुंबासारखे राहतात आणि गावाच्या व्यवहारात मिसळतात. बदलापूरचे आधार आणि डोंबिवलीजवळील खोणीचे घरकुल ही पालकांच्या संघटित धडपडीतून उभी राहिली. आमच्या मागे याचे कोण करणार, हा त्या धडपडीचा मूळ प्रश्न. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव दिले आणि अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना गृहाबाहेर काढू नये, यासाठी ते सातत्याने भांडले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कायद्याविषयी थोडेच लिहितो, पण ते प्रत्येक वैद्याच्या उपयोगाचे आहे. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार अशा संस्थेला नोंदणी आवश्यक आहे. नोंदणी प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय मानद वैद्य म्हणून आपले नाव फलकावर लावू देऊ नये. छळाची माहिती मिळाल्यास ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देता येते. वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया व्यक्तीच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही. अठराव्या वर्षानंतर आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. पंचकर्मासाठी संमतिपत्रावर सही कोणाची घेता, याचा आपण सर्वांनीच पुन्हा विचार करावा. याच न्यासाच्या निरामय विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि पर्यायी चिकित्सेचाही त्यात समावेश आहे. पालकांना हे बहुधा ठाऊक नसते.

उपस्थात्याच्या गुणांत चरकाचार्यांनी उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच सांगितले. ज्ञापकत्वाची उणीव भरून काढण्याचे कामही अशा घरात त्यालाच करावे लागते. झटक्यांच्या प्रसंगानंतर आम्ही संध्याकाळऐवजी सकाळी जाऊ लागलो, केवळ सकाळच्या सेविकेची भेट व्हावी म्हणून. सातवी शिकलेली ही बाई. गेल्या महिन्यात तिने आम्हाला दारातच थांबवले. ‘‘डॉक्टर, तो कालपासून डाव्या बाजूने चावत नाही,’’ ती म्हणाली. आम्ही तोंड उघडून पाहिले, तर डावीकडची खालची दाढ किडलेली होती. त्या आठवड्यात त्याने दोन ताटे फेकली होती आणि त्याच्या शामक औषधाची मात्रा वाढवण्यासाठीची चिठ्ठी कार्यालयात तयार होती. ती चिठ्ठी आम्ही फाडायला लावली आणि त्याला दंतवैद्याकडे पाठवले.