ताब्याचा वाद आणि सत्याणुव्रत

पती-पत्नी विभक्त होताना अपत्य कोणाजवळ राहावे, याचा निर्णय न्यायालय करते. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम जैनांनाही लागू आहे. त्यानुसार अपत्याचे हित सर्वोपरी होय.

अशा वादात कधी लैंगिक अत्याचाराचा आरोप पुढे येतो. १८ वर्षांखालील बालकाची संमती कायदा मानत नाही. अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे. बालकाचा जबाब त्याच्याच शब्दांत, विश्वासातील व्यक्तीसमोर नोंदविला जातो. केवळ बदनामीसाठी वा धमकावण्यासाठी खोटी तक्रार करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. बालकास मात्र शिक्षा नाही. आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, हेही ध्यानी असावे.

तत्त्वार्थसूत्रात मिथ्योपदेश व कूटलेखक्रिया हे सत्याणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. न घडलेले लेकराला पढविणे आणि खोटे प्रतिज्ञापत्र करणे ही त्यांचीच आजची रूपे. परंतु घडलेले अब्रूखातर दडपणे, हीदेखील हिंसाच. म्हणून श्रावक-श्राविकांनी लेकरू बोलेल ते शांतपणे ऐकावे, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत आणि निवाडा न्यायालयावर सोपवावा.