गणकयंत्रांची भूक आणि मुंबईची वीज

गिरगावातील चाळीत किंवा दादरच्या एखाद्या सदनिकेत राहणारे आपल्यापैकी कोणतेही एकत्र कुटुंब घेतले, तरी दिवसभरात त्या घरातून किती कामे दूरच्या यंत्रांवर सोपविली जातात, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. आजोबांचे निवृत्तिवेतन बँकेत जमा होते, सूनबाई भाजीवालीस फोनवरून दहा रुपये देतात, नातू गणिताचे व्याख्यान पडद्यावर पाहतो, आणि परदेशी दिलेल्या लेकीचा चेहरा रात्री घरबसल्या दिसतो. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात एकट्या यूपीआयने झालेले व्यवहार दोन हजार कोटींवर गेले. या सर्वांमागे कोठे तरी गणकयंत्रे राबत असतात. त्यांस सर्व्हर म्हणतात, आणि अशी सहस्रावधी यंत्रे जेथे एकत्र मांडलेली असतात त्या वास्तूस डेटा सेंटर. मुंबई व नवी मुंबई मिळून भारतातील अशा केंद्रांचे सर्वांत मोठे ठाणे झाले आहे. ही यंत्रे थोड्या विजेत अधिक काम कशी करतील, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नसून तुमचाआमचाही आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून हा प्रपंच.

मुंबईस हा प्रश्न नवा नाही. परळ-लालबागच्या गिरण्या प्रथम वाफेवर चालत. प्रत्येक गिरणीचा बॉयलर निराळा, धुराडे निराळे. १९१५ साली खोपोलीचे टाटांचे जलविद्युत्केंद्र सुरू झाले आणि लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली पडून निर्माण झालेली वीज परळपर्यंत येऊ लागली. वाफेच्या गिरणीत एकच लांब दांडा छताखालून फिरे व पट्ट्यांच्या साहाय्याने सारे माग चालवी. निम्मे माग बंद असले तरी तो दांडा आणि त्याचे पट्टे फिरतच राहत व कोळसा खातच राहत. पुढे यंत्रागणिक विजेची मोटर आली, तेव्हा जो माग थांबला त्याचा खर्चही थांबला. वाचकांनी हा दाखला ध्यानात ठेवावा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

परंतु ती वीज फुकट आलेली नव्हती. तिची भूक वाढली तशी मुळशी पेट्यावर धरण बांधण्याची योजना निघाली, आणि १९२१ साली आपली भातशेती वाचविण्यासाठी मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे अग्रणी होते. धरण झालेच; गावे पाण्याखाली गेली; १९२७ साली भिऱ्याचे केंद्र चालू झाले. आजही कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत बेस्टतर्फे मिळणारी वीज बरीचशी टाटा पॉवरकडून येते, आणि माहुलजवळच्या ट्रॉम्बे केंद्रात अद्याप कोळसा जळतो. मुंबईच्या घरात दिवा लागतो तेव्हा त्याची किंमत कोणी तरी दुसऱ्या ठिकाणी मोजीत असतो. यंत्राच्या काटकसरीस महत्त्व येते ते यामुळे.

आता यंत्राकडे वळू. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हे भारतात घडविलेले गणकयंत्र सुरू झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि प्रत्येक नळीतील तार तापविण्यातच पुष्कळ वीज खर्ची पडे. ट्रान्झिस्टर आल्यावर तापविण्याची गरज उरली नाही. आज नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर असे अब्जावधी ट्रान्झिस्टर कोरलेले असतात, आणि गणिताचे खरे काम करणारा जो भाग, त्यास प्रोसेसर म्हणतात.

प्रत्येक ट्रान्झिस्टर म्हणजे एक सूक्ष्म कळ होय. ती दाबताना जी ऊर्जा लागते ती विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शाळेत वर्ग शिकलेल्या कोणासही याचे मर्म कळेल: दाब एक पंचमांशाने कमी केला, म्हणजे १ चा ०.८ केला, तर ऊर्जा ०.६४ होते, म्हणजे ३६ टक्के बचत. अनेक वर्षे ट्रान्झिस्टर लहान होत गेले, दाब उतरत गेला आणि वेग चढत गेला. सुमारे २००५ च्या सुमारास हा मार्ग खुंटला. दाब आणखी उतरविला तर बंद असलेल्या कळीतूनही वीज झिरपू लागते. तेव्हा अभियंत्यांनी वेगाचा हव्यास सोडला आणि एकाच प्रोसेसरमध्ये अनेक ‘कोअर’, म्हणजे स्वतंत्र गणिती, बसविण्यास आरंभ केला. एका पहिलवानाकडून धावत काम करून घेण्याऐवजी शंभर माणसांकडून संथपणे करून घ्यावे, तसाच हा प्रकार.

परिणाम आकड्यांत पाहावा. २००६ सालच्या इंटेलच्या झिऑन ५१६० या प्रोसेसरमध्ये दोन कोअर होते व त्याची नेमलेली मर्यादा ८० वॅट होती. कोअरमागे ४० वॅट. २०२४ सालच्या एएमडीच्या एपिक ९९६५ मध्ये १९२ कोअर असून मर्यादा ५०० वॅट आहे. कोअरमागे अडीच वॅटांहून किंचित अधिक. शिवाय आजचा एकेक कोअर जुन्याहून अधिक काम करतो.

तथापि भर कामात यंत्र किती काटकसरी आहे, एवढेच पाहून भागत नाही. २००७ साली बारोसो व हॉल्झल या गूगलमधील दोघा अभियंत्यांनी दाखवून दिले की, सर्व्हर बहुतेक काळ आपल्या शक्तीच्या दहा ते पन्नास टक्केच राबतात, आणि त्या काळचा सर्व्हर रिकामा बसला तरी भर कामातील विजेच्या जवळजवळ निम्मी वीज खाई. गिरणीतील फिरत्या दांड्याचीच ही गोष्ट नव्हे काय? त्याच वर्षाअखेर निघालेल्या ‘स्पेकपॉवर’ या कसोटीत म्हणूनच पूर्ण कामापासून रिकाम्या स्थितीपर्यंत पायरीपायरीने वीज मोजतात. आजचे प्रोसेसर काम नसलेल्या कोअरला क्षणार्धात निजवितात.

याखेरीज उष्णतेचा खर्च आहे. यंत्रात गेलेली सारी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते व ती काढावयास पुन्हा वीज लागते. यंत्रांस १०० युनिट लागत असता केंद्रास एकूण १५० लागली, तर त्याचा गुणांक १.५ झाला. मुंबईच्या दमट हवेत हा आकडा खाली आणणे थंड देशांपेक्षा कठीण. म्हणून आधी यंत्रातच बचत झालेली बरी. तेथे वाचलेले एक युनिट बाहेरचे अर्धे युनिटही वाचविते.

इतकी काटकसर झाली तर एकंदर खर्च घटला का? २०१० ते २०१८ या काळात जगातील डेटा सेंटरांचे काम सुमारे साडेसहापट झाले, पण वीज अवघी ६ टक्के वाढली, असा निष्कर्ष २०२० साली ‘सायन्स’ पत्रिकेत आला. ही थोर कामगिरी होय. परंतु त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आली, ज्यांतील एकेक चिप ७०० वॅट घेते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली, आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच लिहून ठेवले की, वाफेचे यंत्र काटकसरी झाले म्हणून कोळसा कमी लागत नाही. ते स्वस्त पडते म्हणून सर्वत्र वापरले जाते व कोळसा अधिकच लागतो.

मग काटकसर व्यर्थ काय? मुळीच नाही. ती नसती तर आजचाच भार असह्य झाला असता. मात्र यंत्राची काटकसर आणि माणसाचा संयम या दोन भिन्न गोष्टी आहेत, व पहिली दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

घरातील एखादे छायाचित्र पुसल्याने ट्रॉम्बेचा धूर कमी होईल, असे सांगून वाचकांची दिशाभूल आम्ही करणार नाही. परंतु आपल्यापैकी अनेक जण पतपेढ्या, शाळा व गृहसंस्था यांचे विश्वस्त आहेत. तेथील कपाटात एखादा जुना सर्व्हर रात्रंदिवस जवळजवळ रिकामाच चालत असतो. तो खरोखर हवा का, हे एकदा विचारावे. दुसरे असे की, नव्या डेटा सेंटरास वीज, पाणी व जागा देताना त्याने वीज किती घेतली, पाणी किती वापरले आणि त्यांत काम किती केले, हे तिन्ही आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत, अशी मागणी नागरिकांनी करावी. मुळशीच्या शेतकऱ्यास त्या काळी कोणी हिशेब दाखविला नाही. माहुलच्या रहिवाशास आज तो मिळावा, एवढी अपेक्षा अवास्तव नव्हे.