खणणाऱ्या यंत्राला लगाम कुणाचा?

भाताची कापणी उरकली, की कोकणात खोदकामाचे दिवस सुरू होतात. कुणाला विहिरीतला गाळ काढायचा असतो, कुणाला पावसाने पडलेला बांध पुन्हा उभा करायचा असतो, कुणी घराचा पाया घेतो, तर कुणी आंबा-काजूच्या कलमांसाठी खड्डे मारतो. पूर्वी या दिवसांत टिकाव-पहारीचे घाव ऐकू यायचे. आता डिझेल इंजिनाची घरघर ऐकू येते. ‘जेसीबी लाव’ हे वाक्य आपल्या बोलण्यात इतके मुरले आहे, की जेसीबी ही एका माणसाच्या नावाची आद्याक्षरे आहेत, हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाने १९४५ साली एका भाड्याच्या गॅरेजमध्ये वेल्डिंगचे सामान घेऊन धंदा मांडला आणि १९५३ साली ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी हात जोडून खोदयंत्र बाजारात आणले. भारतात ही यंत्रे १९७९ पासून बनू लागली. २०१९ साली तर जेसीबीचे खोदकाम बघायला जमणारी गर्दी हा साऱ्या देशाच्या थट्टेचा विषय झाला होता. थट्टा खरीच होती. लोखंडी हात जमिनीत शिरताना बघण्याचा मोह आवरणे कठीणच.

पण हा हात सगळीकडेच उपयोगी पडतो का? तळ्याचेच उदाहरण घेऊ. मुंबई-गोवा महामार्गावरच्या इंदापूरहून आत वळले, की रायगड जिल्ह्यातल्या या छोट्या तालुक्याचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. उतारावर वाड्या, खाली भाताची खाचरे, वर वरकस जमीन आणि पलीकडे मांदाडच्या बाजूला राजपुरीच्या खाडीचे पाणी. शेते तुकड्यातुकड्यांची. एका खाचरातून दुसऱ्यात जायचे तर मध्ये बांध आडवा येतो आणि पाणंद जेमतेम बैलगाडीपुरती. सात-आठ टनांचे मोठे खोदयंत्र अशा जागी नेले, तर कामाला हात लागण्याआधीच गडगे ढासळतात, बांध दबतात आणि ओलसर माती चाकांखाली इतकी आवळली जाते, की पुढल्या हंगामात रोपांची मुळे खाली उतरत नाहीत.

अशा मुलखाला छोटा ट्रॅक्टर मानवतो. मुळात हे बुटके ट्रॅक्टर जपानी कंपन्यांनी वाढवले ते तिकडच्या लहान लहान भातखाचरांसाठी. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या हौशी बागवाल्यांनी ते उचलून धरले. वीस-पंचवीस अश्वशक्तीचे इंजिन, सव्वा-दीड मीटर रुंदी आणि मागे जोडायला खोदणारा हात. त्याची करामत तेलाच्या दाबावर चालते. इंजिन पंप फिरवते, पंप तेलाला दाब देतो आणि ते तेल नळकांड्यांतले दट्टे पुढे-मागे ढकलते. आपला खांदा, कोपर आणि मनगट जसे वळतात, तसेच या हाताचे तीन सांधे वळतात. शेवटी पंजाच्या जागी दातेरी बकेट. मोठे यंत्र साडेचार मीटरपर्यंत खोल जाते, तर हे छोटे दोन-सव्वादोन मीटरवर थांबते. घरगुती कामाला तेवढे पुष्कळ होते.

हिशेब करून पाहू. हापूसची कलमे दहा-दहा मीटर अंतरावर लावायची, तर हेक्टरी शंभर खड्डे लागतात. प्रत्येक खड्डा एक मीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल. म्हणजे शंभर घनमीटर, आपल्या भाषेत सुमारे पस्तीस ब्रास माती. मऊ जमिनीत एका गड्याने दिवसाला एक ब्रास उपसली, तरी शाबासकी द्यावी. म्हणजे एका गड्याचा महिना सहज गेला. छोटे यंत्र हेच काम काही दिवसांत उरकते. मात्र जमीन मातीची किंवा मुरमाची हवी. जांभा लागला की त्याची गती मंदावते आणि काळ्या कातळापुढे तर त्याचे काहीच चालत नाही.

याच तालुक्यात, कुड्याच्या डोंगरात, तो कातळ माणसांनी हाताने कोरला. दोन हजार वर्षांपूर्वीची ती सव्वीस बौद्ध लेणी आजही तिथे उभी आहेत. लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत फुलांच्या माळा करणारा आहे आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही आहे. तळगडावरची पाण्याची टाकीही अशीच छिन्नीने खोदलेली. छिन्नी संथ चालते, आणि चुकीच्या जागी घाव बसतोय हे दुसऱ्या-तिसऱ्या घावालाच कळते. यंत्राच्या बाबतीत ते कळेपर्यंत अर्धी टेकडी खाली आलेली असते.

खरी मेख इथेच आहे. ट्रॅक्टर छोटा म्हणून धोका छोटा, असे मुळीच नाही. वजनाने हलके असल्यामुळे ते लवकर कलंडते. खोदताना दोन्ही बाजूंचे टेकू घट्ट जमिनीवर हवेत आणि भरलेली बकेट उताराच्या बाजूला झुलवू नये. खोदणारा हात ट्रॅक्टरच्या मागच्या तीन सांध्यांवर नुसता अडकवला, तर ओढीचा सगळा ताण तिथेच येतो आणि ट्रॅक्टरचा मधला सांगाडा तडकू शकतो. त्यासाठी खालून पुढपर्यंत जाणारी जोडचौकट लागते. जुगाड करून बसवलेला हात स्वस्त पडतो, पण बहुधा पहिल्या पावसाळ्यापर्यंतच.

त्याहून मोठा धोका खड्ड्याचा. एक घनमीटर माती सुमारे दीड टन भरते. पाच फुटांहून खोल चराच्या भिंती आधाराशिवाय उभ्या ठेवून माणूस आत उतरवणे म्हणजे त्याच्या छातीवर गाडी पडण्याची वाट पाहणे. काढलेला ढीग चराच्या काठावर रचू नये, निदान तीन-चार फूट लांब टाकावा. आणि घरात लहान मुले असतील, तर उघडा खड्डा रात्रभर तसाच ठेवू नये. त्यात पाणी साचले की तो किती खोल आहे, हे वरून कळत नाही.

पण रायगडकरांना सर्वांत जपायचे आहे ते उताराला. जिल्ह्यात दरसाल तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातली जुई, दासगाव ही गावे दरडीखाली गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. तिथे तर वर जायला गाडीरस्ताच नव्हता. खोदयंत्रे पायथ्याशी राहिली आणि माणसांनी टिकाव-फावड्यांनी माती उपसत आपली माणसे शोधली. या दुर्घटना अतिवृष्टीत घडल्या, त्या कुणाच्या बकेटने घडल्या असे म्हणायचे नाही. मात्र डोंगराला त्याचा पायथा तोलून धरतो, हे साधे गणित आहे. अंगण वाढवायला किंवा गाडी दारात यायला तोच पायथा उभा कापला, तर वरची माती कशावर टेकणार? पूर्वी असा काप घ्यायला महिनाभर लागायचा. तेवढ्यात घरातले एखादे जुने माणूस ‘अरे, तिथून पाण्याची वाट आहे’ असे सांगून जायचे. आता ते माणूस दुपारची झोप काढून उठेपर्यंत काम झालेले असते.

मजुरीचाही प्रश्न आहेच. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र तरला तो रोजगार हमीच्या खोदकामावर. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही मजुरांचे काम हिरावणाऱ्या यंत्रांना त्या योजनेतून शक्यतो बाहेर ठेवले होते. पण आज कोकणातल्या कितीतरी घरांतली तरुण मंडळी मुंबई-सुरतेला आहेत आणि गावात राहिलेल्या आजी-आजोबांना पहार उचलवत नाही. तिथे छोटे यंत्र कुणाच्या पोटावर पाय देत नाही. ते ओस पडणारी जमीन राखते. ज्या वाडीत हात रिकामे आहेत, तिथे हिशेब वेगळा मांडावा.

म्हणून यंत्र बोलावण्याच्या आदल्या दिवशी घरच्या सगळ्यांनी जमिनीवरून एक फेरी मारावी. पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते पाहावे. पाइप, वीजतार आणि शेजाऱ्याची हद्द कुठे आहे ते ठरवून चुन्याने रेघ ओढावी. वरची वीतभर काळी माती वेगळी काढून ठेवावी आणि काम झाले की तीच परत वर पसरावी, कारण पीक तिच्यातच येते. मुरूम विकायचा किंवा बाहेर न्यायचा असेल, तर आधी तहसील कचेरी गाठावी. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला खुर्ची टाकून रेघेजवळ बसवावे. कुठे थांबायचे, हे चालकाला त्यांनी सांगावे.