अडीचची अर्धी

साडेसात मिलिग्रॅमच्या खाली उतरायला लागल्यापासून आमच्या घरात अपूर्णांकांना फार मान आलाय. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाचची मिळते, अडीचची मिळते. त्याहून बारीक पावलं टाकायची तर अडीचची अर्धी करायची, म्हणजे सव्वा. आयुष्यभर एस.टी.च्या हिशेब खात्यात नोकरी केली, पण सव्वासहा आणि पावणेचार हे आकडे इतक्या गांभीर्याने कधी उच्चारले नव्हते.

माझ्या आजाराचं नाव पॉलिमायल्जिया रुमॅटिका. पन्नाशीनंतर होतो, बहुतेकांना सत्तरीच्या आसपास, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. स्कँडिनेव्हियाकडे तो बराच दिसतो. आमच्या मिरजेत त्याला सरसकट ‘वात’ म्हणतात आणि तेल सुचवतात. दोन्ही खांदे आणि दोन्ही खुबे पहाटे असे जखडतात की कूस बदलता येत नाही, वेणी घालायला हात वर जात नाही. रक्तात सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी हे आकडे वाढलेले असतात. पंधरा मिलिग्रॅम सुरू झालं आणि दोन-तीन दिवसांत मी माळ्यावरचा डबा काढला. सुनेला वाटलं, आईंना उगाच आजारी म्हणत होतो.

हा चमत्कार जुना आहे. कावीळ झालेल्या किंवा गरोदर असलेल्या संधिवाताच्या रुग्णांचे सांधे काही काळ बरे होतात, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी टिपलं होतं. 1948 मध्ये त्यांनी अशाच एका तरुण बाईला सहकारी केंडॉल यांनी शोधलेलं कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये या दोघांना, आणि याच विषयावर काम करणाऱ्या राइकस्टाइन यांना, नोबेल मिळालं. पण औषध थांबलं की दुखणं परतायचं, आणि चालू ठेवलं की दुष्परिणाम दिसायचे. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू लवकर येतो. म्हणून खाली उतरायचं. दहापर्यंत यायला महिना-दोन महिने, पुढे साधारण चार आठवड्यांना एक किंवा सव्वा मिलिग्रॅम. सगळं मिळून वर्ष तर जातंच, अनेकांना दोन किंवा जास्तही लागतात.

घाई का नाही, तर मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींमुळे. त्या कॉर्टिसोल बनवतात, आणि ते सकाळी सर्वांत जास्त असतं. गोळीच्या रूपाने आयतं मिळू लागलं की मेंदूकडून येणारा हुकूम मंदावतो. घरी महिनोन्‌महिने डबा येऊ लागला की चूल पेटवायचा कंटाळा येतो, तसं या ग्रंथींचं होतं. शरीर दिवसभरात स्वतः जेवढं बनवतं, ते ढोबळमानाने पाच मिलिग्रॅमच्या गोळीइतकं. म्हणजे पंधराहून दहावर येणं सोपं आणि पाचहून पावणेचारवर येणं अवघड, हे आकड्यांकडे बघून कुणाला पटणार नाही. शरीराला मात्र पटतं. आणि गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

आता माझी खरी अडचण. अंग दुखतंय, पण ते कशाने? आजार परततोय, की शरीर कमी झालेल्या गोळीसाठी रुसलंय? की उजवा गुडघा, जो आधीपासूनच झिजलेला होता आणि पंधरा मिलिग्रॅमच्या कृपेने गप्प बसला होता? गुडघ्याचं ओळखता येतं. तो जिना चढताना बोलतो, सकाळशी त्याचं वैर नाही. डोस उतरवल्यावर लगेच अंग मोडून येतं, गळून जायला होतं, तोंडाची चव जाते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू निवळतं, ते बहुधा औषध कमी झाल्याचं. खांदे मात्र दोन्ही बाजूंनी, सकाळी, आणि दर दिवशी थोडे जास्त वेळ जखडू लागले, तर आजाराची शंका घ्यायची. कागदावर हे फार स्वच्छ दिसतं. प्रत्यक्षात एकाच सकाळी तिन्ही पाहुणे हजर असतात, आणि सीआरपीचा रिपोर्टसुद्धा दर वेळी निकाल देत नाही.

म्हणून मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात एवढंच लिहिते: वेणी घालता आली ती वेळ, आणि आदल्या दिवशी काय केलं ते. ‘वेणी 7:40, पापड लाटले.’ एका दिवसाच्या नोंदीला काही अर्थ नसतो. ओळीने चौकोन बघितले की वेळ पुढे सरकतेय की मागे, ते कळतं. डॉक्टरबाई रिपोर्टाच्या आधी ते पान मागतात. लग्नाचं घर, ताप, मोठा प्रवास असेल तेव्हा डोस उतरवायचा नाही, हा त्यांचा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

शेजारच्या वहिनी म्हणतात, “काकू, ते स्टेरॉइड सोडा, एक पुडी आणून देते, पूर्ण देशी.” लेबल नसलेल्या अशा सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइडच मिसळलेलं आढळलेलं आहे. माझं किमान मोजून तरी आहे.

वाट बघायची नाही अशा गोष्टीही ठाऊक असाव्यात. नवीनच सुरू झालेली डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, नजर अंधुक होणं किंवा दोन-दोन दिसणं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. या आजाराच्या भावंडात डोक्याच्या रक्तवाहिन्या सुजतात आणि दृष्टी जाऊ शकते. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, भोवळ येत असेल, तरी थेट दवाखाना. तिथे इंजेक्शन लागू शकतं. ताप आला तर डोस किती वाढवायचा, ते मी आधीच लिहून घेतलंय. पर्समध्ये कार्ड आहे, त्यावर औषधाचं नाव आणि किती दिवसांपासून घेते ते.

पुढच्या महिन्यात कॉर्टिसोलची तपासणी आहे. आदल्या दिवशीची गोळी सकाळीच घ्यायची, त्या दिवशीची रक्त देऊन झाल्यावर, आणि रक्त आठच्या सुमारास द्यायचं. आकडा चांगला आला तर पावणेचारवरून अडीचवर. नाही आला तर पावणेचारवरच थांबायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. दुकानदाराला मी दोन्हीसाठी सांगून ठेवलंय की अडीचच्या गोळ्या संपू देऊ नका.