पाहणारा आणि पाहिला जाणारा

एखाद्या समाजाचे जीवन चित्रित करण्यासाठी कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसापुढे उभे राहणारे पहिले प्रश्न वरवर पाहता तांत्रिक असतात. कॅमेरा दूर ठेवून सगळे अंगण दाखवावे, की जवळ नेऊन एकच चेहरा टिपावा? तो किती वेळ चालू ठेवावा? लोक आपसांत बोलत असतील, तर त्यांच्या बोलण्याचे काय करावे? थोडा विचार केला म्हणजे हे प्रश्न केवळ तंत्राचे नाहीत हे ध्यानात येते. कोणी कोणाविषयी बोलायचे आणि कोणी गप्प राहायचे, हे त्यांच्या उत्तरांतून ठरत असते. मानवशास्त्रीय अनुबोधपटाचा इतिहास हा बव्हंशी अशा निर्णयांचाच इतिहास होय.

चलच्चित्रण आणि क्षेत्राभ्यासावर आधारलेले मानवशास्त्र ही जवळजवळ समवयस्क आहेत. ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये आपली चित्रे दाखवली ती १८९५ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी आल्फ्रेड हॅडन यांच्या नेतृत्वाखाली केंब्रिजहून टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांकडे गेलेल्या मोहिमेच्या सामानात चलच्चित्रणाचा कॅमेरा होता. तेथील नृत्यांची आणि अग्नी पेटवण्याच्या रीतीची काही मिनिटांची चित्रे आजही शिल्लक आहेत. संग्रहालयात भांडी आणि मुखवटे ठेवावेत, तशीच माणसांच्या हालचालींचीही नोंद ठेवावी, अशी त्यामागची दृष्टी होती. नोंद करणारा स्वतः मात्र त्या चित्रात कोठेच नव्हता.

पुनर्रचित जीवन

रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ हा चित्रपट १९२२ साली प्रदर्शित झाला. हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील इन्युइट लोकांचे जीवन त्यात दाखवले आहे. त्याच्या नायकाचे खरे नाव अल्लाकारियालाक असे होते. त्या काळी तेथील शिकारी बंदुका वापरत असत. तरीही पडद्यावर वालरसची शिकार भाल्यांनी होते. बर्फाच्या घराच्या आत कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना, म्हणून नेहमीपेक्षा मोठे आणि एका बाजूने उघडे घर बांधण्यात आले. त्या उघड्या घरात, थंडीत, ते कुटुंब झोपी जाण्याचा अभिनय करते.

ही फसवणूक म्हणावी काय? एवढे म्हणून हा विषय संपत नाही. फ्लाहर्टी चित्रित केलेला भाग त्याच मुक्कामी धुऊन इन्युइट सहकाऱ्यांना दाखवत असत. पुढे काय चित्रित करावे, याविषयी त्यांच्याशी सल्लामसलत होई. कॅमेऱ्याची देखभाल करण्यातही त्यांचा हात होता. म्हणजे एका परीने हा सहकार्याने घडलेला चित्रपट आहे. दोष आहे तो प्रेक्षकाला काय सांगितले गेले यात. पूर्वजांच्या काळची पुनर्रचना वर्तमानकाळ म्हणून सादर केल्यामुळे बंदूक वापरणारा, फर कंपनीशी व्यवहार करणारा समकालीन माणूस काळाच्या बाहेर ढकलला गेला.

निवेदकाचा आवाज

बोलपटाचे युग आल्यावर अनुबोधपटात एक नवे पात्र शिरले. ते कधी दिसत नाही, पण त्याला सर्व काही ठाऊक असते. हे पात्र म्हणजे निवेदक. भारतीय प्रेक्षकाला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. १९४८ साली मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट अनेक दशके चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवले जात. एकच दृश्य निरनिराळ्या भारतीय भाषांतील निवेदनांसह देशभर जाई. पडद्यावर शेतकरी नांगर धरी, विणकर धोटा फेकी, परंतु त्यांच्याविषयी बोलणारा आवाज तिसऱ्याचाच असे. याच संस्थेत या रीतीला छेद देणारे कामही झाले. एस. एन. एस. शास्त्री यांच्या ‘आय ॲम ट्वेंटी’ (१९६७) या चित्रपटात स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली तरुण मुले-मुली देशाविषयी स्वतःच बोलतात. त्यांच्या बोलण्यात आशा असते, तशी निराशा आणि थट्टाही असते.

निवेदन प्रथमपुरुषी केले की अडचण दूर होते असेही नाही. लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाने आपल्या सात भागांच्या ‘फँटम इंडिया’ (१९६९) या मालिकेत, आपल्याला या देशातले बरेचसे कळत नाही, अशी कबुली वारंवार दिली. तथापि ती मालिका ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर दाखवली गेली तेव्हा भारत सरकारने तीव्र आक्षेप घेतला. १९७० साली बीबीसीच्या दिल्ली कार्यालयाला टाळे लागले. आपले चित्र दुसऱ्याच्या हाती असणे ही गोष्ट एखाद्या समाजाला, आणि राष्ट्रालाही, किती बोचू शकते याचा तो दाखला होता.

१९६० च्या सुमारास खांद्यावर घेता येईल असा कॅमेरा आणि चित्राबरोबर ध्वनी टिपणारे हलके यंत्र उपलब्ध झाले. आफ्रिकेत दीर्घकाळ काम केलेल्या झाँ रूश यांनी समाजशास्त्रज्ञ एडगार मोरँ यांच्यासह हे तंत्र स्वतःच्याच नगरीकडे वळवले. ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ (१९६१) मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर लोकांना, तुम्ही सुखी आहात काय, असे विचारले जाते. चित्रपटाच्या शेवटी त्यात भाग घेतलेल्यांना तो दाखवण्यात येतो आणि त्यांची मते पडद्यावरच ऐकू येतात. कोणाला तो कृत्रिम वाटतो, तर कोणाला नको इतका खाजगी. ज्याचे चित्र काढले त्यालाच अशा रीतीने परीक्षकाच्या आसनावर बसवण्यात आले. डेव्हिड आणि ज्युडिथ मॅकडूगल यांनी वेगळा मार्ग धरला. युगांडातील जिए या पशुपालकांविषयीच्या ‘टू लिव्ह विथ हर्ड्स’ (१९७२) मध्ये लोकांची आपसांतली बोलणी दीर्घ, अखंड दृश्यांत ऐकू येतात आणि पडद्याच्या तळाशी त्यांचे भाषांतर उमटते. ज्यांची आजवर केवळ वर्णने झाली होती, ती माणसे आता विनोद करताना आणि सरकारी कारभाराविषयी तक्रार करताना प्रेक्षकाला भेटली.

एका तंट्याची अनेक रूपे

या निर्णयांचे स्वरूप उघड करून दाखवणारा चित्रपट म्हणजे टिमथी ॲश आणि नेपोलियन शॅन्यन यांचा ‘द ॲक्स फाइट’ (१९७५). १९७१ साली व्हेनेझुएलातील एका यानोमामी वस्तीत अचानक भांडण पेटले आणि ॲश यांनी कॅमेरा सुरू केला. चित्रपटात प्रथम ते चित्रण जवळजवळ जसेच्या तसे येते. कोण कोणाला का मारतो आहे, हे प्रेक्षकाला कळत नाही. चित्र संपल्यावर अंधाऱ्या पडद्यावर खुद्द चित्रपटकर्त्यांचे संभाषण ऐकू येते. त्यात भांडणाचे जे कारण सांगितले जाते, ते चुकीचे होते असे पुढे कळते. मग तेच चित्रण संथ गतीने, बाण दाखवून समजावले जाते, त्यानंतर नात्यांच्या आकृत्या येतात आणि अखेरीस व्यवस्थित संकलित केलेली, सलग आवृत्ती येते. ती पाहताना संकलनाने गोंधळाला किती सहज कथेचे रूप दिले, हे ध्यानात येते. एरवी प्रेक्षकाच्या हाती केवळ ही शेवटची आवृत्तीच पडत असते.

भाषांतराविना काशी

याच्या अगदी उलट टोकाला रॉबर्ट गार्डनर यांचा ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ (१९८६) आहे. बनारसच्या घाटांवरील हा दीड तासाचा चित्रपट एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ कल्पून रचलेला आहे. त्यात निवेदन नाही आणि लोकांच्या बोलण्याचे भाषांतरही नाही. वल्ह्यांची करकर, घंटा, लाकडे फोडण्याचा आवाज, कुत्र्यांचे भुंकणे यांच्या आधाराने प्रेक्षक पुढे सरकतो. झेंडूच्या माळा ओवल्या जातात, बांबूच्या तिरड्या बांधल्या जातात, लाकूड मोठ्या तराजूवर तोलले जाते. या वस्तूंचे परस्परांशी काय नाते आहे, हे हळूहळू उमगत जाते.

या चित्रपटावरून मानवशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. हिंदी न जाणणाऱ्या प्रेक्षकाला यातून काय कळणार, असा टीकाकारांचा सवाल होता. बोलणारी माणसे येथे निव्वळ देखावा ठरतात आणि मृत्यू व गूढता यांचे पौर्वात्य देशांविषयीचे जुने कल्पनाचित्र अधिकच घट्ट होते, असे त्यांचे म्हणणे. समर्थकांचे उत्तर असे की, निवेदनामुळे समजल्याचा केवळ भास होतो, उलट या चित्रपटात नव्याने आलेल्या माणसाचे बावरलेपण आणि त्याचे सावध लक्ष यांचा अनुभव मिळतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. गार्डनर आणि त्यांचे सहकारी मानवशास्त्रज्ञ आकोश अश्टोर यांनी पुढे या चित्रपटातील दृश्यांविषयीचे आपले दीर्घ संभाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. चित्रपटाने जे सांगण्याचे नाकारले, त्यातील पुष्कळसे तेथे सांगितलेले आहे. आणि हिंदी जाणणाऱ्या भारतीय प्रेक्षकाला तर तो चित्रपट मुळात मूक वाटतच नाही. कोणत्याही शैलीचा विचार करताना ती कोणत्या प्रेक्षकासाठी योजली आहे, हे प्रथम विचारावे लागते ते यामुळेच.

तेव्हा अमुक शैली सत्य आणि तमुक असत्य असा निवाडा करणे व्यर्थ आहे. निवेदन उपकारक ठरू शकते आणि मौनही अन्याय करू शकते. कसोटी लावायचीच तर ती अशी : चित्रपटकर्त्याला जे कळले ते कसे कळले, हे पाहण्याची वाट त्याने प्रेक्षकासाठी खुली ठेवली आहे काय, आणि ज्यांचे चित्र घेतले त्यांना उलट प्रश्न विचारण्यास जागा ठेवली आहे काय?

आनंद पटवर्धन यांच्या मुंबईतील पदपथ आणि झोपड्यांतील रहिवाशांविषयीच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या चित्रपटात एक स्त्री चित्रपटकर्त्यावरच संतापते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमवाल, आम्हाला त्याचा काय उपयोग, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. संकलनाच्या मेजावर ते दृश्य सहज कापून टाकता आले असते. ते चित्रपटात ठेवले गेले. तिच्या प्रश्नाला त्यात उत्तर मिळत नाही, परंतु तो चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकावा लागतो.